ईव्हिल डेड २ बघताना हसू येतं, आणि यायलाच पाहिजे (स्पॉयलर आहेत)

निशाचर :
सॅम रायमीचा ईव्हिल डेड २ (१९८७) परत पाहिला आणि नेहमीसारखंच झालं, पिक्चर संपल्यावर एकदम फ्रेश वाटलं. मसाला बघा काय आहे, जंगलातली केबिन, तळघरात पुरलेली बाई, अंगात शिरणारी पिशाच्चं, हिरोच्या गर्लफ्रेंडचं तुटलेलं मुंडकं, कुऱ्हाड, चेनसॉ, आणि तरीही मन जड होत नाही. १९८१ चा पहिला भाग बघून असं होत नाही, तो अंगावर येतो आणि तसाच राहतो.

माझं म्हणणं एवढंच की हा हलकेपणा वरून भुरभुरलेला नाहीये, तो भीतीतूनच निघतो. हिरो ॲशचा हात झपाटतो तो सीन घ्या. स्वतःचाच हात स्वतःच्या डोक्यावर ताटल्या फोडतोय, त्याला उचलून आपटतोय, तो बेशुद्ध पडला की फरशीवरून ओढत सुऱ्याकडे नेतोय. ब्रूस कॅम्पबेल एकटा आहे, समोर कोणीही नाही, पण मारामारी दोघांची दिसते. आणि तो एकदाही आपल्याकडे बघून डोळा मारत नाही, त्याच्या दृष्टीने हे सगळं जीवघेणं खरं आहे, म्हणूनच आपल्याला हसू फुटतं. तुम्हाला काय वाटतं?

टोकदार :
अजिबात पटलं नाही. पहिल्या भागात रायमीकडे पैसे नव्हते, नट नवखे, कॅमेरा लाकडी फळीला बांधून दोघं जण जंगलातून पळायचे, आणि त्यातून ती अदृश्य गोष्ट अंगावर धावून येते असं वाटायचं. ती खरी भीती होती. दुसऱ्या भागात पैसे आले, राक्षस रबरी झाले आणि भीतीची सर्कस झाली. ॲशच्या गर्लफ्रेंडचं, लिंडाचं, बिनमुंडक्याचं शरीर चांदण्यात नाचतं तिथे तर मला राग येतो. ॲशने आपल्या प्रेमाच्या बाईला मारलंय, पुरलंय. पुढे शेडमध्ये तिचं मुंडकं शिकंज्यात अडकवलेलं असताना ती परत आपल्या आवाजात विनवते, किती भयंकर प्रसंग आहे हा! आणि दिग्दर्शकाला लगेच पुढच्या गमतीची घाई. दुःखाला जागाच नाही ठेवली.

निशाचर :
@टोकदार दुःखाला जागा आहे, तुम्ही ती सोडून देताय. ती पुरलेली बाई, हेन्रिएटा, तळघरातून आपल्या मुलीला अंगाईगीत म्हणून बोलावते तो भाग आठवा. तिथे पिक्चर हसत नाही. मुलीला माहितीये की ही आता आई नाही, तरी क्षणभर तिचा धीर सुटतो. आणि गंमत म्हणजे त्या सडलेल्या आईच्या सूटमध्ये आत टेड रायमी, म्हणजे दिग्दर्शकाचा भाऊ. हे माहीत असूनही तो सीन माझ्यावर तसाच काम करतो.

काळी_मांजर :
मला दोन्ही भाग आवडतात पण एक मुद्दा, रायमी आणि कॅम्पबेल शाळेच्या वयापासून सुपर ८ वर (घरगुती कॅमेऱ्याची फिल्म) छोट्या फिल्म बनवायचे आणि थ्री स्टूजेस या धक्काबुक्कीवाल्या विनोदी त्रिकुटाचे जबरदस्त फॅन होते. म्हणजे तो धक्काबुक्कीचा विनोद पैसे आल्यावर सुचलेला नाही, तो आधीपासून अंगात होता. आणि टायमिंगचं गणित बघा, दचकवायचं असेल किंवा हसवायचं असेल, दोन्हीकडे आधी ताणायचं, थोडं थांबायचं आणि मग भलत्याच बाजूने सोडायचं. डोळा उडून थेट बॉबी जो नावाच्या पात्राच्या तोंडात जातो, तिथे मी किंचाळले आणि हसले, कुठलं आधी ते नाही सांगता येणार.

रक्ताचंही तसंच आहे. काळं, हिरवं, असल्या रंगांचं रक्त वापरलं त्यामागे एक्स रेटिंग (अमेरिकेतलं फक्त प्रौढांसाठीचं) टाळायचा विचार होता, शेवटी रेटिंगशिवायच रिलीज करावा लागला. पण बघणाऱ्याचा फायदा झाला, हिरवं काही उसळलं की किळस येण्याआधी मजा वाटते.

टोकदार :
बघा, हेच तर म्हणतोय!! रक्त रक्तासारखं दिसलंच नाही तर जीव गेल्याचं वजन कुठे उरतं? फेडे अल्वारेझने २०१३ मध्ये तीच केबिन, पिशाच्चं जागी करणारं तेच पुस्तक घेऊन नवीन ईव्हिल डेड केला, तो गंभीर ठेवला आणि लोकांना घाबरवला. म्हणजे ही गोष्ट हसण्याशिवाय उभी राहते. आणि विनोदाला एकदा दार उघडून दिलं की काय होतं ते तिसऱ्या भागात, १९९२ च्या आर्मी ऑफ डार्कनेसमध्ये, दिसतं. सांगाड्यांची फौज, ॲश फुशारक्या मारतोय, भीती औषधालाही नाही.

निशाचर :
तिसऱ्या भागाबद्दल तुमच्याशी सहमत, पण ते माझ्याच बाजूने जातं. तिथे ॲशला आपण हिरो आहोत हे कळलेलं आहे, तो टाळ्यांची वाक्यं फेकतो. दुसऱ्यात तो बिचारा नुसता टिकून राहायचा प्रयत्न करतोय. हसण्याला विरोध करायचाच तर त्या तऱ्हेच्या हसण्याला करा, मी तुमच्यासोबत आहे. आणि २०१३ चा चांगला आहे, पण परत परत बघावासा वाटतो का? मला नाही वाटत, त्यात नुसत्या वेदना आहेत आणि श्वास घ्यायला फट नाही.

कुंपणावरचा :
हॉरर लेखक स्टीफन किंगने पहिल्या भागाचं तोंडभरून कौतुक केलं होतं आणि दुसऱ्यासाठी निर्माता दिनो दे लॉरेंटिस तयार झाला त्यातही किंगच्या शब्दाचा वाटा होता. म्हणजे पहिल्या भागात दम होता म्हणून दुसरा झाला, एवढं श्रेय तरी टोकदारांना द्या.

काळी_मांजर :
श्रेय सगळं पहिल्याला, पण हरणाचं मुंडकं हसतं तो सीन विसरून कसं चालेल. भिंतीवरचं हरीण हसायला लागतं, मग दिवा, पुस्तकं, सगळी खोली, आणि मग ॲशही त्यांच्यासोबत हसतो, हसता हसता त्याचा आवाज किंचाळण्यात जातो. वेड लागण्याचं यापेक्षा चांगलं चित्रण मी गंभीर हॉररमध्येही फार कमी पाहिलंय. @टोकदार, हा सीन विनोद काढून करून दाखवा बरं.

टोकदार :
तो सीन अप्रतिम आहे, त्यावर वादच नाही. पण तिथे विनोद ॲशवर उलटतो, त्याला गिळतो. ताटल्यांच्या मारामारीत तसं काही होत नाही, तिथे नुसता दंगा आहे. संपूर्ण पिक्चर त्या हरणासारखा असता तर मी पहिल्या भागाच्याही वर ठेवला असता.

निशाचर :
अहो पण ताटल्यांचा सीन त्या हसणाऱ्या हरणाच्या आधी आहे, जेमतेम थोडासाच. हात कापताना "आता कोण हसतंय?" म्हणून ओरडणारा ॲशच आहे, आणि लगेच पुढे सगळी खोली त्याच्यावर हसते. तो दंगा झालाच नसता तर हरणाच्या हसण्याला काय अर्थ उरला असता?