फुंकलेला श्वास हा पुरावा मानावा की केवळ संशय?

चौकस:
मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असणाऱ्याने वाहन चालवणे हा गुन्हा आहे. नाकाबंदीत मात्र रक्त नव्हे, श्वास मोजला जातो. ब्रेथ ॲनालायझर श्वासातील प्रमाणाला साधारण २१०० ने गुणून रक्ताचा आकडा सांगतो, आणि हे गुणोत्तर प्रत्येकाच्या शरीरात, किंबहुना एकाच माणसात दर वेळी, तेवढेच राहत नाही. शेवटचा घोट नुकताच घेतला असेल किंवा अल्कोहोलयुक्त माउथवॉशने चूळ भरली असेल, तर यंत्र फुप्फुसांऐवजी तोंडातले अल्कोहोल मोजते. १५० आकडा आला तर माझा वाद नाही. पण ३३ आकड्यावर, रक्त न तपासता, कुणाला दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पांथस्थ:
आपला आक्षेप शास्त्राला धरून असला तरी उपाय उलटा आहे. शरीर रक्तातील अल्कोहोल १०० मिलिलिटरमागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने कमी करते. अटकेनंतर वैद्यकीय तपासणीसाठी कायद्याने दोन तास दिले आहेत; तेवढ्यात ५० चा आकडा २० वर येऊ शकतो. शिवाय यंत्र नसताना काय होते, हेही पाहावे. १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अपघात खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की तोंडाचा वास, लडखडणारी चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारूची नशा सिद्ध होत नाही. ज्यांना यंत्र नको, त्यांनी पुन्हा त्या चालीकडे परतायचे का? आणि रक्ताचा अहवाल तरी निर्दोष कुठे असतो? मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली.

चौकस:
आरोप नमुना बदलल्याचा होता, चाचणी चुकल्याचा नव्हे. कुलूप फोडले म्हणून तिजोरीच निरुपयोगी ठरवता येत नाही.

निदान:
मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून एक भर. उशीर झाला की आकडा खालीच येतो, हे पांथस्थ यांचे गृहीतक अर्धेच खरे आहे. माणूस शेवटचा पेला संपवून लगेच गाडीत बसला असेल, तर पोटातले अल्कोहोल रक्तात मिसळायचे बाकी असते. अशा वेळी तासाभराने घेतलेल्या रक्तातला आकडा गाडी चालवतानाच्या आकड्यापेक्षा जास्तही भरतो. म्हणजे उशीर कधी आरोपीला वाचवतो, तर कधी बुडवतो. माझ्या मते रक्ताइतकेच महत्त्व १५ मिनिटांच्या अंतराने दुसऱ्यांदा फुंकायला लावण्याला द्यावे, कारण तोंडातले अल्कोहोल एवढ्या वेळात विरते आणि दोन आकड्यांमधला फरकच बरेच काही सांगून जातो.

पांथस्थ:
दुसऱ्यांदा फुंकण्याला माझी हरकत नाही, फक्त ते ३० ते ५० मधल्या आकड्यांपुरते असावे, नाहीतर ३१ डिसेंबरला एका नाक्यावर रात्र संपेल. यंत्राची अचूकता शेवटची केव्हा तपासली, ती तारीखही पावतीवर छापली जावी, असे मला वाटते.

चौकस:
आणि ती तारीख जुनी निघाली, तर खटल्याचे काय व्हावे?

पांथस्थ:
तर तो आकडा पुरावा म्हणून टिकू नये. एवढ्यापुरता मी आपल्या बाजूला आहे.