उजव्या हातात ताकद नसताना दुचाकी चालवायची आहे – कोणते बदल करावेत? (पुणे)

सिंहगड रोडवरून

नमस्कार. अपघातात माझ्या उजव्या खांद्याजवळच्या मज्जातंतूंच्या जाळ्याला, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससला, इजा झाली. शस्त्रक्रिया झाली, फिजिओथेरपी अजून चालू आहे. आज बोटे मिटतात आणि हात हँडलवर टेकवून ठेवता येतो. परंतु मनगट वर उचलले जात नाही आणि कोपरात जोर नाही, त्यामुळे मूठ पिळून रेस देणे किंवा ब्रेकची लिव्हर आवळणे या हाताला जमत नाही. डावा हात आणि दोन्ही पाय पूर्ववत आहेत.

घरी गिअरची १५० सीसीची मोटारसायकल आहे. धायरीहून कोथरूडला रोज कामावर जायचे असते, आणि कायम कुणाच्या तरी मागे बसून जाण्याची माझी तयारी नाही. नाना पेठेत चौकशी केली तेव्हा बहुतेकांनी स्कूटरच्या मागे दोन जादा चाके लावून घेण्याचा सल्ला दिला. पाय धडधाकट असताना त्या चाकांचा मला काय उपयोग, हे कळले नाही. मोटारसायकलमध्येच बदल करावेत की स्कूटर घ्यावी, ब्रेकची व्यवस्था कशी असावी आणि हे सगळे आरटीओत मान्य होते का, याविषयी ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

भोसरीचा फिटर

दादा, आपली शंका योग्य आहे. जादा चाके ज्यांना पाय टेकवून गाडी सावरता येत नाही त्यांच्यासाठी असतात. दुचाकी वळताना कलते, म्हणून हँडलवर फार जोर लावावा लागत नाही; मागे दोन चाके आली की गाडी कलतच नाही आणि तिला वळवण्याचे सगळे काम हातांवर येते. ज्याचा हातच कमकुवत आहे त्याला ही सोय म्हणजे उलट जादा भार आहे.

गिअरची मोटारसायकलही बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रेस आणि पुढचा ब्रेक ही उजव्या हाताची दोन कामे डावीकडे आणली, तर तिथे क्लच आधीच बसलेला आहे. म्हणजे एकाच पंजाला तीन कामे होतात. आपोआप धरणारे-सोडणारे सेंट्रिफ्यूगल क्लच असतात, पण त्या खटपटीत पडण्यापेक्षा ज्या गाडीला क्लच लिव्हरच नाही ती निवडणे शहाणपणाचे. गिअर नसलेल्या स्कूटरवर रेस तेवढी डाव्या मुठीत आणायची, डावी ब्रेक लिव्हर आहे तिथेच राहते. नेहमीच्या मोटारसायकलवर उजवा हात रेस आणि पुढचा ब्रेक एकत्र सांभाळतोच. इथे तसेच काम डावा हात करील.

रेस डावीकडे नेताना एक गोष्ट अगदी काळजीपूर्वक पाहावी. उजवीकडचीच मूठ काढून डावीकडे बसवली, तर ती उलटी फिरते, म्हणजे आपल्याकडे पिळण्याऐवजी पुढे ढकलल्यावर रेस वाढते. जोरात ब्रेक लावला की शरीर पुढे झुकते, हातही पुढे जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिन जोर धरते. म्हणून डाव्या बाजूसाठीच बनवलेली मूठ आणि तिचे आवरण हवे. ते मिळाले नाही तर एटीव्हीला (खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या चारचाकी बाईकला) असतो तसा अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल बसवता येतो. मूठ हलकी व्हावी म्हणून कुणी परतीची स्प्रिंग कमकुवत करून देऊ लागला, तर त्याच्याकडून काम करून घेऊ नये. हात सुटताच रेस पूर्ण खाली आलीच पाहिजे.

ब्रेकचे सांगायचे तर, एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) बंधनकारक झाले आणि बहुतेक स्कूटरवर सीबीएस असते. डावी लिव्हर दाबली की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. परंतु पुढच्या चाकाला त्यातून मिळणारा वाटा मर्यादित असतो. जोरात थांबताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे पुढचा ब्रेक पूर्ण ताकदीने लावता येण्याची सोय हवीच. मी तो उजव्या पायाशी पेडल बसवून तिथे आणीन, कारण मोटारसायकल चालवलेल्या माणसाच्या उजव्या पायाला ब्रेकची सवय असते. दोन्ही ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर (लिव्हर दाबली की ब्रेकचे तेल ढकलणाऱ्या भागावर) मात्र जोडू नयेत. एका कॅलिपरसाठी, म्हणजे डिस्क आवळणाऱ्या एका भागासाठी, बनवलेला सिलिंडर दोघांना पुरेसे तेल ढकलू शकत नाही, लिव्हर हँडलला जाऊन टेकते. आणि एक नळी फुटली तर दोन्ही ब्रेक एकदम जातात.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कोथरूड

गाडीला हात लावण्यापूर्वी आपल्या हाताविषयी थोडे लिहिते. मज्जातंतू पुन्हा वाढतो तेव्हा त्याचा वेग साधारण दिवसाला १ मिलिमीटर असतो. खांद्यापासून पंजापर्यंत पोचायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून आज जी ताकद आहे तीच कायमची, असे गृहीत धरून कापाकापी करू नये. आपल्या शल्यचिकित्सकांना स्पष्ट विचारावे की अजून किती सुधारणा अपेक्षित आहे, आणि तोवर पुन्हा मूळ स्थितीत आणता येतील असेच बदल करावेत.

हाताची तपासणी सकाळी ताजेतवाने असताना करून थांबू नये. दिवसभराच्या कामानंतर, थकल्यावर, उजवा हात हँडलवर किती वेळ टिकतो आणि डाव्याची पकड किती उरते, तो आकडा खरा. कारण संध्याकाळच्या गर्दीत गाडी त्याच हातांनी चालवायची आहे.

उजवा हात घसरतो म्हणून काही जण तो पट्ट्याने हँडलला बांधतात. कृपया हे कदापि करू नका. गाडी पडली तर शरीर एकीकडे आणि हात दुसरीकडे ओढला जाईल, आणि आधीच दुखावलेल्या मज्जातंतूंवर पुन्हा तसाच ताण येईल. हात हँडलवर ठेवणे थकवणारे वाटले तर तो छातीशी स्लिंगमध्ये, जॅकेटच्या आत ठेवावा. लोंबकळू देऊ नये, त्याने खांद्याचा सांधा खाली ओढला जातो. हेल्मेट दोन कड्यांच्या पट्ट्याऐवजी दातेरी पट्टीच्या बकलचे घ्यावे, ते एका हाताने लावता येते.

निवृत्त मोटार वाहन निरीक्षक

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि याच भीतीने पुष्कळ गॅरेजवाले असे काम नाकारतात. परंतु त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमात दिव्यांग व्यक्तीला स्वतःच्या मालकीचे वाहन आपल्या गरजेनुसार बदलून घेण्याची मुभा आहे. त्याला नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता आणि विहित अटींचे पालन आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा वाहनाला ‘अनुकूलित वाहन’ या अर्थाची स्वतंत्र व्याख्याही कायद्यात आली.

आपल्याकडे जुने लायसन्स असेल, पण ते हात पूर्ण चालत असतानाचे आहे. त्याच्या आधारावर बदललेली गाडी चालवू नये. नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावे आणि अशा वाहनापुरते लायसन्स मागावे. चाचणी त्याच बदललेल्या गाडीवर द्यावी. काम सुरू करण्यापूर्वी बदलांचे साधे रेखाचित्र घेऊन संगम पुलाजवळच्या कार्यालयात निरीक्षकांना भेटलात, तर पुढचे हेलपाटे वाचतील. एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था कोथरूडलाच असल्यामुळे तिथे जावे का, असे लोक विचारतात. त्या संस्थेचे काम मुख्यतः उत्पादकांच्या मॉडेलची चाचणी आणि प्रमाणीकरण हे आहे, एकेका मालकाच्या गाडीला मान्यता देणे हे नोंदणी अधिकाऱ्याचे काम आहे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा, नाहीतर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा पुढे येतो.

एकहाती स्वार

मी डाव्या हाताने स्कूटर चालवतो. भोसरीच्या मित्रांचे जवळजवळ सगळे पटले, पण पुढचा ब्रेक पायाला देण्याशी मी सहमत नाही. बुटातून पावलाला चाकाची जाणीव नीट होत नाही, आणि पावसात पुढचे चाक जाम झाले तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही. मोटारसायकल शर्यतपटू मिक डूहान यांचा उजवा पाय १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या आसेनच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जायबंदी झाला, त्यानंतर त्यांनी मागचा ब्रेक डाव्या अंगठ्यावर घेतला आणि १९९४ ते १९९८ असे सलग पाच वेळा ५०० सीसीचे विश्वविजेतेपद मिळवले. ब्रेकवरचा सूक्ष्म ताबा हाताला किती चांगला जमतो, हे त्यावरून दिसते. माझ्या हँडलवर डावीकडे एकाखाली एक अशा दोन लिव्हर आहेत. वरची पुढच्या डिस्कची, खालची मूळची. शिवाय स्कूटर निवडताना पुढचे चाक १० ऐवजी १२ इंचांचे असलेली घ्यावी, खड्ड्यात हँडलला बसणारा झटका कमी होतो आणि तो झटका आपल्याला एकाच हातावर झेलायचा असतो.

सिंहगड रोडवरून

सर्वांचे मनापासून आभार. स्कूटरच घ्यायची हे ठरले. डॉक्टरांची पुढची भेट झाल्यावरच काम सुरू करीन. भोसरीच्या दादांना एवढेच विचारतो की दोन लिव्हर आणि डावी मूठ एकत्र बसतील का?

भोसरीचा फिटर

बसतील, आणि पावसाचा मुद्दा ऐकल्यावर मीही पायाच्या पेडलचा आग्रह धरत नाही. दोन्ही लिव्हर आपल्या बोटांच्या लांबीप्रमाणे जवळ घेता येतील अशाच घ्या. हॉर्न, इंडिकेटर आणि इंजिन बंद करण्याचे बटण डाव्या अंगठ्याच्या टप्प्यात ठेवावे लागेल, त्यासाठी बटणांचा संच थोडा आत सरकवावा. मूळ केबल बहुधा अपुरी पडेल. ती ताणून बसवू नये, योग्य लांबीची करून घ्यावी. काम झाल्यावर गाडी स्टँडवर लावा, इंजिन चालू ठेवा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. कुठेही इंजिनाचा आवाज चढला तर केबल ओढली जात आहे असे समजावे आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.