जयश्री गडकर यांच्या चित्रपटांच्या तुमच्या आठवणी

काल दुपारी शेजारच्या घरातून ‘बुगडी माझी सांडली गं’ ऐकू आले आणि माझी थोरली मावशी आठवली. १९५९ साली हे गाणे असलेला ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट आला, तेव्हा पांढरपेशा घरातील बायकांनी तमाशाच्या फडाकडे फिरकणेही वर्ज्य होते; मात्र त्याच बायका शेजारणींना सोबत घेऊन चित्रपटगृहात लावणी पाहून आल्या, आणि याचे मोठे श्रेय मी जयश्रीबाईंना देते. आशा भोसले यांचा आवाज, गदिमांचे शब्द आणि वसंत पवारांची चाल यांचा वाटा आहेच. तरीही मावशी ते गाणे गुणगुणताना नकळत कानाच्या वरच्या कडेला, जिथे बुगडी घालतात तिथे, हात नेत असे. ज्यांनी ते चित्रपट त्या काळी पाहिले, त्यांनी कृपया लिहावे.

पुणे
आमच्या वडिलांनी ‘सांगत्ये ऐका’ विजयानंद चित्रपटगृहात पाहिला. तिथे तो १३१ आठवडे चालला. त्यांचे एक म्हणणे मला आजही पटते. हंसा वाडकर यांच्यासारखी कसलेली अभिनेत्री समोर असताना ही तरुण मुलगी झाकोळली नाही, आणि तीही अशी, जी चारच वर्षांपूर्वी ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये समूहनृत्यात नाचली होती. दिग्दर्शक अनंत माने यांची पारखी नजर म्हणायची.

सातारा
आमचे घर लोहारकामाचे. ‘साधी माणसं’ (१९६५) आम्ही जत्रेतल्या तंबूत, जमिनीवर पोते अंथरून पाहिला. भालजी पेंढारकरांनी लोहाराच्या संसारावर चित्रपट काढावा, ‘आनंदघन’ या नावाने लताबाईंनी त्याला संगीत द्यावे आणि पडद्यावर भात्यापाशी आपल्यासारखीच बाई दिसावी, याचे आईला फार अप्रूप वाटले. एरवी ठिणग्यांनी लुगड्याला पडलेली भोके ती पदराखाली झाकून घेत असे. त्यानंतर काही दिवस तिने ती झाकली नाहीत. गेल्या वर्षी ती गेली. आता ‘ऐरणीच्या देवा’ मला पूर्ण ऐकवत नाही.

नाशिक
दादा, तुमच्या आईंविषयी वाचून डोळे भरून आले. माझी आई ‘मानिनी’साठी (१९६१) जयश्रीबाईंना मानत असे. बहिणाबाईंचे ‘अरे संसार संसार’ त्या चित्रपटात आहे. ते आईने शाळेत न जाता पाठ केले आणि आम्हा बहिणींना भाकऱ्या थापता थापता शिकवले. नऊवारी, डोक्यावर पदर आणि शब्दावाचून बोलणारे डोळे. त्यांना केवळ लावणीच्या नटी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ठाणे
माझ्या पिढीने त्यांना प्रथम ‘रामायण’ मालिकेत कौसल्येच्या भूमिकेत पाहिले, आणि त्यांचे पती बाळ धुरी दशरथ होते. आजी मात्र पहिल्याच रविवारी म्हणाली, “अगं, ही तर मोहित्यांची मंजुळा!” तो त्यांचा जुना चित्रपट, पण आम्हाला काही कळेना. मग स्वयंपाक तसाच ठेवून तिने त्यातले ‘मनमोराचा कसा पिसारा फुलला’ सगळे म्हणून दाखवले.

कारवार
त्या मूळच्या आमच्या भागातल्या, याचा इथे सर्वांना अभिमान आहे. कोकणी मुलखातून येऊन त्यांनी घाटावरचा ग्रामीण ठसका इतका आपलासा केला, की माझ्या कोल्हापूरच्या सासूबाई त्यांना आपल्याकडचीच समजत असत. त्यांचे ‘अशी मी जयश्री’ हे आत्मचरित्र मला पुन्हा वाचायचे आहे. कुणाकडे जास्तीची प्रत असल्यास कृपया कळवावे, टपालखर्च मी देईन.