उत्तर: कॉपीरायटिंगला सुरुवात करायचीय, पण धीर होत नाही

वरती तुम्ही लिहिलंय की कॉपीरायटिंग, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिणं, सुरू करायचंय, पण मराठी माध्यम, वय चौतिशीच्या पुढे, जाहिरातीचा कोर्स नाही, दाखवायला नमुने नाहीत, मग आपलं कोण छापणार? वयाचं आधी सोडा. जाहिरातक्षेत्रातला नामवंत डेव्हिड ओगिल्वी, त्यानं 1948 साली न्यूयॉर्कमध्ये जाहिरात एजन्सी काढली तेव्हा तो सदतिशीत होता. त्याआधी पॅरिसच्या हॉटेलात स्वयंपाकी, मग स्कॉटलंडमध्ये दारोदार शेगड्या विकणारा. आणि 1955च्या एका पत्रात हाच माणूस स्वतःला भिकार कॉपीरायटर म्हणवतो, संपादक मात्र चांगला आहे म्हणतो. पहिला मसुदा तो स्वतःच चार-पाच वेळा दुरुस्त करायचा. म्हणजे पहिला खर्डा टुकार निघाला म्हणून हातपाय गाळायचं कारण नाही; खाडाखोड येते ना, मग झालं.

नमुने नाहीत म्हणता, तर कामाची वाट कशाला बघायची? घरातलं पापडाचं पाकीट घ्या. मागे असतं, 'उत्कृष्ट दर्जा व पारंपरिक चव यांचा अनोखा संगम'. यातून काय कळलं? डोंबल! त्याऐवजी 'उडीद गिरणीतला नाही, जात्यावरचा' असं लिहा. अर्थात तसं खरंच असेल तरच. उत्पादकाला चार प्रश्न विचारल्याशिवाय असली ओळ सापडत नाही. मूळ आणि तुमची ओळ शेजारी ठेवून असे पाच-सहा नमुने दाखवा.

मराठी माध्यमाचं तर उलटंच आहे. हिंदीवरून ढकललेल्या मराठी जाहिराती वाचल्यात ना? तिथं तुमचंच काम आहे.

फुकट 'ट्रायल' मागणाऱ्यांना मात्र एका ओळीपलीकडे काही देऊ नका.