मदत हवी आहे : लोअरिंग स्प्रिंगा २५ मिमीच्या घ्याव्यात की ३५ मिमीच्या?

कोपऱ्यावरचा :
नमस्कार. मला गाडीला लोअरिंग स्प्रिंगा बसवायच्या आहेत आणि गॅरेजवाल्याने येत्या शनिवारची वेळ दिली आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाले तर बरे होईल. प्रश्न एवढाच आहे की गाडी २५ मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा घ्याव्यात की ३५ मिमीच्या? गाडी देखणी आहे, इंजिनात दमही आहे, पण चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटे सहज जातात आणि बाजूने पाहिले की ती हिंदमाताच्या पाण्यातून धोतर वर खोचून निघालेल्या गृहस्थासारखी दिसते. घाटात वळणावर कलतेही फार. कंपनीचे शॉकअप तसेच ठेवून चालेल का, हेही सांगावे. ‘गाडी आहे तशीच राहू द्या’ हा सल्ला कृपया नको. तो मला घरी रोज मिळतो.

स्पॅनर_सतरा :
गाडी कोणती, हे आपण लिहिलेलेच नाही. इंजिन, साल, किलोमीटर, टायरचे माप, गाडीत रोज किती माणसे बसतात आणि गाडी रात्री कुठे उभी राहते, एवढे कळल्याशिवाय २५ की ३५ हे सांगणे म्हणजे पेशंट न पाहता औषध देणे होईल.

कोपऱ्यावरचा :
क्षमस्व, लिहिले आहे असे वाटले. फोक्सवॅगन व्हर्टस, दीड लिटर टर्बो, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअर), २०२२ ची. टायर कंपनीचेच, २०५/५५ आर १६. कुटुंबाची गाडी आहे.

ठाणे_वन_वे :
माझ्या मते स्प्रिंगांच्या भानगडीत पडूच नये, थेट कॉइलओव्हर घ्यावेत. मी आधीच्या हॅचबॅकला नुसत्या स्प्रिंगा लावल्या होत्या आणि आठ महिन्यांत दोन्ही मागचे शॉकअप बसले. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठीच बनवलेले असतात आणि उंची हवी तशी कमीजास्त करता येते. पावसाळ्यात वर, हिवाळ्यात खाली.

स्पॅनर_सतरा :
हे ‘पावसाळ्यात वर, हिवाळ्यात खाली’ कागदावर फार छान वाटते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आणि रस्त्यावरच्या चिखलात दोन पावसाळे काढलेल्या कॉइलओव्हरचे आटे मी स्वतः सोडवले आहेत. वायरब्रश, गंज काढण्याचा फवारा आणि अर्धा दिवस गेला, तरी एका बाजूची रिंग जागची हलली नाही. शिवाय उंची बदलली की टो (चाकांची तोंडे आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलतो, म्हणजे दर वेळी अलाइनमेंट आली. वर्षातून दोनदा ते सारे करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

ठाणे_वन_वे :
आट्यांना ग्रीस लावून वर रबरी आवरण घातले की काहीही होत नाही. देखभाल न करता दोष वस्तूला देण्यात अर्थ नाही.

कुर्ल्याचा_काका :
एवढा खर्च कशाला करता? आमच्या वेळी ग्राइंडरने स्प्रिंगचा एक वेढा कापला की गाडी खाली. पाच मिनिटांचे काम आणि चहाच्या पैशांत व्हायचे.

मोजपट्टी :
काका, आपला अनुभव मोठा आहे, पण हा सल्ला कोणी मनावर घेऊ नये म्हणून सविस्तर लिहितो. स्प्रिंगचे काम करणारे सहा वेढे असतील आणि एक कापला, तर राहिलेली स्प्रिंग २० टक्के कडक होते. म्हणजे ती आखूडही झाली आणि ताठही, आणि यातले काहीच आपण ठरवून केलेले नसते. कापलेले टोक खालच्या बैठकीत नीट बसत नाही, आणि खड्ड्यात चाक पूर्ण खाली लोंबले की सैल पडलेली स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते. चांगल्या कंपनीची लोअरिंग स्प्रिंग टोकाचा आकार तोच ठेवून, तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या बदलून बनवलेली असते. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून १२ मिमीच्या जागी १३ मिमीची तार आली, तर बाकी सारे तेच असतानाही तो सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. एका मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण ढुंगणाला लगेच कळतो.

आता मूळ प्रश्न. या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असलेली रचना. गाडी खाली बसली की त्याचा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बाहेरच्या टोकाला वर उचलला जातो आणि त्यामुळे रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो. म्हणजे गाडीला कलवणारी तरफ उलट लांब होते. नव्या स्प्रिंगेचा कडकपणा ते भरून काढतो खरा, पण म्हणूनच ‘जितकी खाली तितकी वळणावर चांगली’ हे या रचनेत एका मर्यादेपलीकडे खोटे ठरते. मागे ट्विस्ट बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच पिळली जाणारी तुळई. तिथे कॅम्बर (चाकाचा उभा कल) जुळवण्याची सोय नसते, जे येईल ते पदरात घ्यावे लागते.

शहाणा_प्रवासी :
माझा सल्ला : स्प्रिंगा सोडा आणि १७ इंची अलॉय घ्या. फटही भरेल आणि गाडी रस्त्याला चिकटेल.

मोजपट्टी :
फट भरणार नाही. २०५/५५ आर १६ चा बाहेरचा व्यास सुमारे ६३२ मिमी आणि २०५/५० आर १७ चा सुमारे ६३७ मिमी, म्हणजे चाकाच्या माथ्यावर अडीच मिलिमीटरचा फरक पडेल. टायरची भिंत मात्र ११३ वरून १०२ मिमीवर येईल, आणि पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर ती दहा मिलिमीटरची उशी आठवेल.

कलम_बावन्न :
तांत्रिक चर्चा चालू द्या, पण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ विसरू नका. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीतील बदलांबाबत कडक निकाल दिला आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली परवानगीबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

ठाणे_वन_वे :
कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाविरुद्ध जाणाऱ्या बदलांबद्दल आहे. माझ्या आरसीवर जमिनीपासूनच्या उंचीचा रकानाच नाही.

कलम_बावन्न :
हा युक्तिवाद आपण आरटीओच्या निरीक्षकासमोर करावा. निदान विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोपऱ्यावरचा :
सर्वांचे आभार, पण २५ की ३५ हे अजून कोणीच सांगितलेले नाही. शनिवार जवळ येतो आहे.

स्पॅनर_सतरा :
कारण किलोमीटर किती, मागे कोण बसते आणि गाडी कुठे उभी राहते, हे आपण अजून सांगितलेले नाही. आणखी एक काम करा : डिकीच्या कडेवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबा आणि एकदम सोडा. ती एकदाच वर येऊन थांबते की पुन्हा डोलते?

कोपऱ्यावरचा :
५८,००० किलोमीटर झाले आहेत. मागे आई आणि दोन मुले असतात. दर महिन्याला कोल्हापूरला जाणे होते, तेव्हा डिकीही भरलेली असते. गाडी इमारतीच्या पोडियमवर दुसऱ्या मजल्यावर उभी राहते. दाबून सोडल्यावर ती दोनदा डोलली. खाली वाकून पाहिले तर मागच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ आहे आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर बसला आहे. अटल सेतूवर शंभरच्या वेगाने सांध्यांवरून जाताना मागची बाजू तरंगल्यासारखी वाटते, हे सांगायचे राहिले. ते स्प्रिंगा मऊ असल्यामुळे असावे असा माझा समज होता.

स्पॅनर_सतरा :
हा तुमचा पहिला प्रश्न असायला हवा होता. तो शॉकअप गेलेला आहे. स्प्रिंग गाडी तोलते, पण तिची उसळी थांबवणे हे शॉकअपचे काम आहे, आणि स्प्रिंग जितकी कडक तितकी तिची उसळी जोरदार. गळक्या शॉकअपवर कडक स्प्रिंग चढवली तर गाडी खाली दिसेल आणि आजच्यापेक्षा जास्त नाचेल. मागचे दोन्ही एकदम बदला, कधीही एकच बदलू नका, आणि पुढच्यांचे टॉप माउंट (वरची रबरी बैठक) व बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा) हेही त्याच वेळी पाहून घ्या. मूळ उंची ठेवायची असेल तर मूळ लांबीचा शॉकअप चालतो. खाली आणायची असेल तर आखूड दांड्याचा हवा, नाहीतर दट्ट्या कायम तळाच्या बाजूला काम करतो आणि प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर आपटतो. बिलस्टीन या शॉकअप कंपनीच्या यादीत बी ६ (मूळ लांबीचा) आणि बी ८ (आखूड) असा जो भेद आहे तो मुख्यतः हाच आहे. कोणत्याही कंपनीचा घ्या, पण गाडीच्या भाग क्रमांकावरून जुळवून घ्या.

मोजपट्टी :
आणि पोडियमवर जाणारा रॅम्प हा तुमचा दुसरा प्रश्न असायला हवा होता. लोक गतिरोधकाला भितात, पण गतिरोधक नियमाप्रमाणे बांधलेला असेल तर तो निरुपद्रवी असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असला तरी ३.७ मीटर रुंद असतो. तुमच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २,६५१ मिमी आहे, म्हणजे गाडीचे पोट माथ्यावर येते तेव्हा चारही चाके त्याच उंचवट्यावर असतात आणि पोटाखालची फक्त ५२ मिमी जागा खर्च होते. गल्लीतला हातभर रुंदीचा डांबरी उंचवटा मात्र आपली सगळी उंची खातो.

आता रॅम्प पाहा. चढ सहास एक असेल आणि वरच्या टोकाला एकदम सपाट होत असेल, तर तो कंगोरा गाडीच्या मध्याखाली येताना सुमारे ११० मिमी जागा खातो. कंपनीने रिकाम्या गाडीची उंची १७९ मिमी दिली आहे. पाच माणसे आणि सामान भरल्यावर मध्यभाग ३० मिमी दबतो असे धरले तर उरतात १४९, आणि त्यातून ३५ गेले की ११४. नवी स्प्रिंग थोडी कमी दबेल हे खरे, पण चार-दहा मिलिमीटरच्या भरवशावर रोज आईला घेऊन रॅम्प चढायचा का, ते तुम्ही ठरवा. माझ्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका. थर्माकोलचे तुकडे कापा, कंगोऱ्यावर चिकटपट्टीने लावा, घरातली सगळी माणसे गाडीत बसवा आणि सावकाश वर न्या.

कोपऱ्यावरचा :
काल रात्री साडेदहाला हा प्रयोग केला. वॉचमन टॉर्च धरून उभा होता आणि आईने गाडीत बसून दोनदा विचारले की आपण नक्की कुठे चाललो आहोत. तुकड्यांचे तीन मनोरे लावले होते. १२० मिमीचा जसाच्या तसा राहिला, १६० मिमीचा चिरडून पलीकडे उडाला आणि मधला, १४० मिमीचा, नुसता घासला गेला. त्याच्या माथ्यावर काळी रेघ उमटली आहे. मनोरे मी कंगोऱ्याच्या खालच्या अंगाला, उतारावर लावले होते, त्यामुळे मोजपट्टी यांच्या हिशेबात ते कसे बसवायचे ते कळत नाही.

मोजपट्टी :
नेमक्या कंगोऱ्यावर लावायला सांगितले होते. पुन्हा करा, २५, ३५ आणि ४५ मिमीचे तुकडे घ्या आणि बरोबर कडेवर लावा.

कोपऱ्यावरचा :
आज केले. २५ चा तुकडा वाचला, ३५ च्या तुकड्याचा माथा चेपला आणि ४५ चा मोडला. म्हणजे आजच्या उंचीवर, भरलेल्या गाडीखाली तिथे जेमतेम तीन बोटांचीही जागा नाही.

स्पॅनर_सतरा :
मग ३५ चा विषय संपला. २५ सुद्धा रॅम्पचा कंगोरा घासून गोल करून घेतल्याशिवाय नको, आणि त्याला सोसायटीची परवानगी लागेल. आत्ता चारही शॉकअप मूळ लांबीचे, जरा कडक घडणीचे लावा, अलाइनमेंट करा आणि महिनाभर खंडाळ्याच्या घाटात चालवून पाहा. कलण्याची तक्रार बरीच कमी होईल. फट तेवढी राहील.

कोपऱ्यावरचा :
ठीक आहे, शनिवारी शॉकअपच बदलून घेतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती : ३५ मिमीच्या स्प्रिंगांचा पूर्ण संच मी गेल्या आठवड्यातच एकाकडून वापरलेला घेऊन ठेवला आहे आणि तो सध्या बाल्कनीत पडून आहे. कोणाला हवा असल्यास योग्य किमतीत देईन.

ठाणे_वन_वे :
मला हवा असू शकतो. एक लिटरच्या गाडीचा आहे की दीड लिटरच्या? भाग क्रमांक काय आणि किती किलोमीटर चालला आहे?

कोपऱ्यावरचा :
ते विचारायचे राहिले. रंग लाल आहे.