मदत हवी आहे: दात येताना रात्रीची किरकिर

लेक सात महिन्यांची आहे. खालचे पुढचे दोन दात हिरडीतून डोकावतायत. दिवसा ठीक असते, रात्री मात्र नुसती किरकिर. दूध पितानाही मध्येच सोडून रडते. टीदर (बाळाने चावायचं खेळणं) फ्रिजमध्ये गार करून देते (फ्रीझरमध्ये नाही, फार कडक होतो), स्वच्छ बोटाने हिरड्या चोळते. तेवढ्यापुरती शांत होते. बधिर करणारं जेल कृपया सुचवू नका. त्यातलं बेंझोकेन २ वर्षांखालच्या मुलांना धोक्याचं, रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते. ताप नाही. ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर दातांमुळे म्हणून थांबणार नाही, डॉक्टरांकडे नेईन.

रात्री तुम्ही काय करत होतात? आणि लाळेने हनुवटीवर पुरळ उठलंय, त्याला नुसतं टिपून घेणं पुरतं की वर काही लावायचं?