मदत हवी आहे: पाकीटबंद चिकन सॉसेजमधला बॅक्टेरिया ओळखायचाय

नमस्कार मंडळी, मी जळगावची, एमएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. प्रोजेक्टसाठी व्हॅक्यूम पॅक चिकन सॉसेज 4 अंशाला ठेवले होते, त्यातलं एक पाकीट टम्म फुगलं आणि उघडलं तर आंबूस वास, बोट लावलं की चक्क तार सुटते. एमआरएस आगरवर (लॅक्टिक आम्ल बनवणारे बॅक्टेरिया वाढवायचं माध्यम) 25 अंशाला बारीक पांढुरक्या कॉलनी आल्या (मे महिन्यात इथं थंडावाही देणाऱ्या बीओडी इन्क्युबेटरशिवाय 25 टिकवणं अशक्यच), ग्राम पॉझिटिव्ह, कॅटालेज निगेटिव्ह (हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं तर बुडबुडे नाहीत), डरहॅम ट्यूबमध्ये (गॅस पकडणारी उलटी छोटी नळी) गॅस. म्हणजे मांस खराब करणारा दुसरा बॅक्टेरिया ब्रोकोथ्रिक्स नाही, तो कॅटालेज पॉझिटिव्ह असतो. आता ल्युकोनोस्टॉक की वाइसेला (दोन्ही गॅस करणारे लॅक्टिक आम्ल बॅक्टेरिया), इथंच अडकलेय. 16एस सिक्वेन्सिंगला (जनुक वाचून बॅक्टेरिया ओळखायला) पैसे नाहीत. सुक्रोज आगरवर स्लाइम आणि आर्जिनीन टेस्ट (आर्जिनीनपासून अमोनिया होतो का ते) एवढ्यावर जीनस (प्रजाती-गट) सांगता येईल का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा भाऊ-ताईंनो, मनापासून विचारतेय.